बंदूक नको, ड्रम द्या!

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या घरी कुणीही जेवायला आलं की कढी वाढेपर्यंत वॉल्टरच्या पलटणीचा एक तरी किस्सा निघतोच. तो संपला की कुणीतरी म्हणतं, "अगं, आणि ते कुलकर्णीचं?" नव्वदच्या दशकातली गोष्ट ही, पण मी अजून त्या धक्क्यातून सावरलेली नाही!

वॉल्टर आमच्या क्लायंटच्या ऑफिसातला पेरोल मॅनेजर. हळू बोलणारा, डब्यात रोज तेच सँडविच आणणारा. एका शनिवारी मी प्रिन्स्टनचं जुनं रणांगण बघायला गेले, तर हा बाबा गुडघ्यापर्यंतची विजार घालून, लांबलचक बंदूक घेऊन झुडपातून ओरडतच बाहेर आला! मी किंचाळलेच.

"घाबरू नकोस, आज मी शेतकरी आहे," तो म्हणाला.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी शेती, दुकानं सोडून लढायला गेलेल्या साध्या माणसांची आठवण म्हणून त्याची मंडळी दर हिवाळ्यात ती लढाई करून दाखवायची. माणसं कमी पडत होती. सोमवारी आम्ही सगळे भरती!

आम्ही म्हणजे एकाच कन्सल्टिंग कंपनीनं भारतातून आणलेले प्रोग्रॅमर. आमचे पासपोर्ट कंपनीच्या मालकाच्या ब्रीफकेसमध्ये. "सेफ रहेंगे," म्हणायचा. आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक माना डोलवायचो!

* * *

पुण्याचा कुलकर्णी व्हिसाच्या धास्तीनं पार्किंगमध्येसुद्धा सीटबेल्ट लावून बसायचा. वॉल्टरनं बंदूक पुढे केली तसा तो मागे सरकला.

"एच-वनवर बंदूक चालते का? लॉयरला विचारतो."

"अरे, खोटी आहे ती!"

"मग तसं लिहून द्या!"

शेवटी त्याला ड्रम दिला. गणपतीत ताशा वाजवलेला माणूस तो! काड्या हातात आल्या आणि त्यानं असा कडकडाट केला की समोरून चाल करून येणारे लाल डगल्यातले इंग्रज नाचायलाच लागले. वॉल्टर आ वासून बघत राहिला.

* * *

मला वाटलं, मला सूप ढवळायला बसवतील. मार्था नावाच्या रिटायर्ड टीचरनं माझ्या हातात बादली दिली.

"तोफ गार करायला पाणी न्यायचं."

"गोळीबार चालू असताना?"

"तेव्हाच लागतं."

"तेव्हा पाणी नेणाऱ्या कुणाच्या बायका होत्या, कुणाच्या आया," ती म्हणाली. "बहुतेकींची नावंही कुणाला माहीत नाहीत." ती शांतपणे बादली भरत होती.

* * *

एक प्रसंग वॉल्टरचा फार लाडका. सैनिकांची मुदत संपलीय, पायात धड बूट नाहीत, घरी पोरंबाळं वाट बघतायत. सेनापती म्हणतो, ज्याला राहायचं असेल त्यानं ड्रम वाजल्यावर एक पाऊल पुढे यावं. पहिल्या ड्रमला कुणीच हलत नाही. तो पुन्हा विनवतो. दुसऱ्या ड्रमला हळूहळू एकेक जण पुढे येतो.

पहिल्याच प्रॅक्टिसला वॉल्टर सेनापतीच्या थाटात म्हणाला, "कोण राहणार?" ड्रम वाजायच्या आत आम्ही सगळे देशी पुढे!

"नो, नो! पहिल्यांदा कुणीच यायचं नसतं!"

"वॉल्टर," नागपूरचा कांबळे म्हणाला, "अमेरिकेत मॅनेजर राहतोस का विचारतोय, आणि व्हिसावाला मागे थांबेल? कसं शक्य आहे यार?"

* * *

हाच कांबळे एकदा लंचमध्ये फोन ठेवून आला, तर चेहरा पांढराफटक. आईच्या हार्टचं ऑपरेशन ठरलं होतं. तिनं नेहमीसारखं "जय भीम, बेटा" म्हटलं आणि मग पहिल्यांदाच विचारलं, "येतोस का रे?"

त्यानं मालकाकडे पासपोर्ट मागितला. उत्तर आलं, "पहले प्रोजेक्ट खतम करो."

मी हादरले. आजारी आईकडे जायला परवानगी? आणि पासपोर्ट कुणाचा? त्याचाच ना!

* * *

त्या शुक्रवारी मालक स्वतः आला. कॉन्फरन्स रूममध्ये पिझ्झा मागवला, आम्हाला भिंतीशी उभं केलं आणि ब्रीफकेस टेबलावर ठेवली.

"सुना है, पासपोर्ट को लेकर बातें हो रही हैं. जिसको प्रॉब्लेम है, सामने आए. फिर उसके व्हिसा का आगे क्या होगा, वो मैं नहीं बता सकता."

कुणीच हललं नाही. कांबळे बुटांकडे बघत होता. पिझ्झा निवत होता.

इतक्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. भिंत सोडून तिथे सरकलेला कुलकर्णी! हातात दोन पेन्सिली, डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, आणि टेबलावर तोच कडकडाट!

कांबळे एक पाऊल पुढे आला. माझा पाय कधी उचलला गेला, मला कळलंच नाही. मग शेजारचा. मग सगळेच.

"ये क्या चल रहा है?" मालक ओरडला.

"सेकंड ड्रम, सर," कुलकर्णी डोळे न उघडता म्हणाला. आणि ब्रीफकेसचं लॉक उघडल्याचा आवाज येईपर्यंत त्यानं पेन्सिली खाली ठेवल्या नाहीत.