म्हणजे काय, ते सांगणारं पुस्तक

माझी सून सकाळी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. पाण्याच्या आवाजात म्हातारीला काय ऐकू येणार, असं तिला वाटत असावं. कान माझे मंद झालेतच, पण बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद होत नाही, एवढं कळायला कान लागत नाहीत.

बावीस वर्षं ती एकाच कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. माझा मुलगा गेल्यापासून घर, मी आणि माझी नात, सगळं तिच्या एकटीवर. त्या महिन्यात तिच्या साहेबीणबाईंनी, वयानं हिच्याहून पंधरा वर्षं लहान, सगळ्यांना बसवून सांगितलं की यापुढे काम फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या पद्धतीनं होणार. सहा आठवड्यांनी प्रत्येकानं समोर बसून त्या पद्धतीनं तीन गणितं सोडवून दाखवायची. ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी “दुसरं काम बघू.” ते दुसरं काम आजवर कुणाला सापडलेलं नाही.

“फंक्शन?” मी विचारलं. “कुणाकडे?”

मला फंक्शन म्हटलं की हॉल, खुर्च्या आणि रुसलेले पाहुणे एवढंच आठवतं. एरवी ती खळखळून हसली असती. त्या दिवशी हसली नाही.

मग घरात पुस्तकं यायला लागली. विकणाऱ्यांच्या साइटवर ज्याला लोकांनी जास्त चांदण्या दिल्या ते आधी. एक तर उशीएवढं जाड. शिवाय व्हिडिओतला एक हसरा मास्तर. ही एकाची तीन प्रकरणं वाचायची, मग कुणीतरी सांगायचं की दुसरं चांगलं आहे, की ते पुन्हा पहिल्या पानापासून. चार आठवडे नुसत्या सुरुवातीच झाल्या. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मी मुकाट्यानं खात होते. नात मात्र कसली सोडते!

“आई, मी मठ्ठ आहे का हो?” एका संध्याकाळी तिनं विचारलं. “व्हिडिओ बघताना सगळं कळतं. बंद केला की एक ओळ लिहिता येत नाही.”

“त्या मास्तराला येतं, हे तुला कळतं. तुला येतं का, ते तो विचारतो कुठे?”

तिनं व्हिडिओ बंद केला. मी म्हटलं, “मला मराठीत वाचून दाखव. एकेक पुस्तक, पहिलं पान.”

“तुम्हाला काय कळणार त्यातलं?” असं बोलून तिनं जीभ चावली.

“काहीच नाही. म्हणून तर.”

मी दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षराखाली बोट ठेवून वाचते आणि दर शब्दाला “म्हणजे काय?” विचारते. या सवयीपायी माझा थोरला भाऊ मला बघून पळ काढायचा.

जाड पुस्तकाला पहिल्याच ओळीत विचारलं, म्हणजे काय? पुढच्या ओळीत त्याहून अवघड शब्द निघाला. ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी होतं ते. दुसरं गोड बोलणारं, पण जुनं. त्यातले प्रोग्रॅम आताच्या कॉम्प्युटरवर चालतच नव्हते, आणि हिनं आठ दिवस तो स्वतःचा दोष मानला होता. शेवटी एक बारकं, कळकट मुखपृष्ठाचं. चांदण्या कमी, कारण लोकांची तक्रार: फार सराव करायला लावतं.

“तेच दिलं की दर वेळी तेच परत मिळतं, आणि बाहेरच्या कशालाही धक्का लागत नाही, ते शुद्ध फंक्शन,” तिनं वाचलं.

“म्हणजे काय?”

पुढच्याच ओळीत उदाहरण होतं. यादीतला प्रत्येक आकडा दुप्पट करायचा, पण जुनी यादी बदलायची नाही, नवी करायची.

“म्हणजे माझा कोट उसवून तुझा शिवायचा नाही. मापं घ्यायची आणि नवं कापड कापायचं.”

सून माझ्याकडे बघतच राहिली. मी तीस वर्षं शिवणकाम केलंय, ते ती विसरलीच होती.

खाली लिहिलं होतं, आता तुम्ही करा. तिनं केलं आणि चुकलं. बावीस वर्षांची सवय, हात जुन्या यादीलाच गेला. पान उलटलं तर पहिलीच ओळ: जुनी यादी बदलली असेल, तर बहुधा असं झालं असेल.

“आई, मी इथेच पडणार हे याला माहीत होतं,” ती हळूच म्हणाली.

उरले दोन आठवडे. बाकीची पुस्तकं मी पलंगाखाली ढकलली. जाड पुस्तक काढायला ती दोनदा आली, तेव्हा मी त्यावर बसून घेतलं.

परीक्षेच्या सकाळी ती काही न खाता गेली. दिवसभर फोन नाही. मी खिडकीतून हलले नाही. त्याच त्या मोज्याला तिसऱ्यांदा टाके घातले. संध्याकाळी ती आली आणि पायरीवरच बसून चपला काढू लागली.

“दोन जमली. तिसऱ्याला अडकले.”

“मग?”

“बाईंनी विचारलं, कुठे अडकलात? मी नेमकी ओळ दाखवली. का अडकले, तेही सांगितलं. म्हणाल्या, बाकीच्यांना कुठे अडकलो हेच सांगता आलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू.”

तीन महिने! हसावं की रडावं ते दोघींनाही कळेना. तिनं पिशवीतून ते बारकं पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सुटला. मी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले, जीव मुठीत धरून. बादली भरली. नळ बंद झाला.

“आई, तुम्ही दाराशी उभ्या आहात का?”

“नाही,” मी म्हटलं.