सुबक चौकटींचा कारागीर

केजला माझ्या अर्जलेखनाच्या टेबलाशेजारी संगणकावर याद्या करून देणारे एक गृहस्थ बसतात. ते तक्ता हाताने आखीत नाहीत. ते प्रोग्राम लिहितात आणि पीडीएफमधील चौकटी आपोआप रुंदावतात, रंगतात, एकमेकींत मिसळतात. गिऱ्हाईक आले की कामाआधी ते रेघेची जाडी विचारतात. मी वीस वर्षे फुटपट्टीने निर्दोष तक्ते आखले, हे ऐकून त्यांनी माझ्याकडे जे दयेने पाहिले, ते मी विसरलेलो नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी एका खेड्याची घरकुलाची यादी केली. तेथे दोन विधवांचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव तंतोतंत एकच. तेच नाव लागोपाठ दोनदा येणे या कलावंतास विद्रूप वाटले. प्रोग्रामने दोन्ही चौकटी जोडल्या, अनुक्रमांकही एकच पडला, आणि दोघींत मिळून एकच घरकुल उरले.

दोघी त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. थोरली म्हणाली, “काहून रं बाबा, आमाला एक केलं?”

“आज्जी, ती चौकट फोडली की समदा तक्ता बिघडतो,” असे म्हणून त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. “बघा तरी, नाव कसं बरूबर मधोमध बसलंय.”

म्हातारीने डोळे बारीक करून नीट पाहिले.

“लई झ्याक हाय,” ती म्हणाली. “आता आमच्यातली मेली कोण, तेवढं सांग.”