खिट्टी तुटली तरी

कारखान्यात तिला माघारी सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत. तिच्या कानावर आलं तरी ती मनावर घेत नसे. दोन लांबट धडं जोडलेल्या शिडाच्या होड्यांसाठी सुकाणू आखण्यात तिची वीस वर्षं गेली होती, आणि हे नवं सुकाणू तर तिच्या फारच लाडाचं. पात्याच्या पाण्यातल्या टोकाला आडवा पंख, त्यामुळे होडी वेगातही डुचमळत नसे. पातं पाण्याच्या तळाला आपटलं की त्याला उभं धरणारी लाकडी खिट्टी तुटायची आणि ते आपसूक मागे वर उचललं जायचं. टेबलावर ताण मोजायचा काटा लावून तिनं चाळीस खिट्ट्या तोडून पाहिल्या होत्या. अशा चार होड्या गिऱ्हाइकांकडे गेल्याही होत्या.

आज भरवेगात पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर पातं मुद्दाम आपटवून व्हिडिओ काढायचा होता. सुकाणूवर धाकटा भाऊ, शेजारी कॅमेरा घेऊन ती.

“ताई, गंमत सांगू? सकाळी खिट्टी काढून वेगात पातं दोरीनं ओढून बघितलं. जाम हलेना! होडी थांबली तेव्हा कुठे उठलं. काय पक्कं काम केलंयस!”

तिनं कॅमेरा खाली ठेवला. टेबलावर पाणी नव्हतं, एवढी साधी गोष्ट! पातं जरा मागे गेलं की पंखाचं तोंड खाली वळणार आणि धावतं पाणी त्याला खालीच दाबून धरणार. खिट्टी तुटली तरी पातं उठायचं नाही, होडीची मागची फळी उखडेल आणि धाकटा थेट डोलकाठीवर जाऊन आदळेल. दांडा तर समोर आला होता.

“शीड सोड!”

“अगं, तूच म्हणालीस ना, भरवेगात...”

“सोड म्हणते ना, मेल्या!” तिनं त्याच्या हातातली शिडाची दोरी हिसकून सोडून दिली. शीड फडफडलं, वेग मेला. पातं वाळूला हळूच टेकलं, खिट्टी मोडली आणि पातं वर आलं.

“उठलं की! उगाच जीव घेतलास माझा.”

“हळू होतो म्हणून उठलं. माझं चुकलंय.”

धाकटा हसायचा थांबला. “आणि त्या चार होड्या?”

तिनं लगेच फोन लावले, होडी पाण्यात नेऊ नका म्हणून सांगायला. तिघांनी ऐकलं, एकानं शिव्याही घातल्या. त्या तिला गोड लागल्या. चौथा फोन त्या गिऱ्हाइकाच्या बायकोनं उचलला.

“हे फोन घरीच विसरलेत. मुलीला होडीत घेऊन मघाशीच पाण्यात गेले. वारा मस्त आहे म्हणाले.”