पृथ्वीची चाल

चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, डोळे चोळायचे आणि म्हणायचं, "परत सांगतंय, आयका." टीचरचा प्रत्येक तास असा सुरू व्हायचा. मालवणजवळच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. बाकी आम्हा सगळ्यांना मुलं 'बाई' म्हणायची. त्यांची पहिली नोकरी गोव्यातली, म्हणून त्या टीचर. इतक्या दमलेल्या आवाजात शिकवणारं आणि तरी एकही तास न बुडवणारं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

त्यांचा आवडता धडा पुस्तकात चार ओळींचा होता. टीचर त्याला आठवडा लावायच्या. शहाळ्यात काठी खुपसून ते कलतं धरायच्या आणि मैदानात उभ्या केलेल्या एका मुलीभोवती फिरायच्या. मुलगी म्हणजे सूर्य. पृथ्वीची वाट कधी गोलसर होते, कधी लांबट. तिचा कल थोडा वाढतो, थोडा कमी होतो. शिवाय वेग मंदावलेल्या भोवऱ्यासारखी ती डुलते. या सगळ्यामुळे उत्तरेकडच्या उन्हाळ्यात ऊन कमी पडायला लागलं की तिथला बर्फ वितळत नाही, थरावर थर साठतो आणि हिमयुग येतं. समुद्राचं पाणी त्या बर्फात अडकतं. तेव्हा आपला किनारा समुद्रातल्या किल्ल्याच्याही पार पलीकडे होता, असं त्या सांगायच्या आणि सगळा वर्ग खिडकीबाहेर बघायचा.

निवृत्त झाल्यावर त्या वेळेवरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या, घरात एकट्या राहायला लागल्या. घर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचं उंच टेकाड होतं, त्यावर सुरूची झाडं. ते सपाट करून पर्यटकांच्या गाड्यांना जागा करावी, असा विषय ग्रामसभेत आला. टीचर उठल्या. समुद्र वर चढतो आहे, वाडीला हे टेकाडच राखतं, ते काढू नका म्हणाल्या.

सरपंच त्यांचाच विद्यार्थी. तो अदबीनेच बोलला.

"टीचर, तुमीच शिकयलात मां, हवा आपसूक बदलता. पृथ्वीच्या चालीपुढे आपण काय करतलो?"

माना हलल्या. टीचरनी चष्मा काढला. ती चाल हजारो वर्षांची आहे, आपल्या आयुष्यात ती कळायचीही नाही, असं त्यांनी सांगितलं. तिच्या हिशेबाने तर पृथ्वी हळूहळू थंड व्हायला हवी होती. आताची ही उष्णता माणसाने जाळलेल्या कोळशाची आणि तेलाची आहे. मग त्या सभेतल्या आपल्या विद्यार्थ्यांकडे वळल्या.

"मी तुमका अर्धोच धडो शिकयलंय काय रे?"

सरपंचाने विषय मताला टाकला. विरोधात हात वर झाले ते आम्हा दोघींचेच. परतताना त्या वाटेतल्या गडग्याच्या बुटक्या दगडी भिंतीवर बसल्या. "दमलंय गो," एवढंच म्हणाल्या.

सुरू तोडले गेले, टेकाड गेलं. पुढच्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी टीचरच्या अंगणात आलं आणि वाडीतल्या विहिरी खारट झाल्या. माझं घर किनाऱ्यापासून लांब, म्हणून टीचर माझ्याकडून कळशीभर पाणी न्यायच्या. दर वेळी संकोचायच्या आणि दर वेळी मी रागवायचे. शेवटी आंबोलीच्या बहिणीने त्यांना बोलावून घेतलं.

जायच्या दिवशी सरपंच न बोलावता टेम्पो घेऊन आला आणि एकट्यानेच सामान चढवू लागला. टीचरनी त्याच्या विहिरीची चौकशी केली.

"खारी झाली, टीचर," तो खाली बघत म्हणाला.

त्यांनी त्याला बसायला लावलं, आपल्यासाठी भरून घेतलेल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि घराची चावी त्याच्या हातात ठेवली. बंद घर कुजतं, मधून मधून खिडक्या उघडत जा, म्हणाल्या. चावी त्याने दोन्ही हातांनी घेतली.

टीचर परत आल्या नाहीत. आंबोलीच्या पावसात त्यांचा दमा बळावला आणि तिथेच त्या गेल्या.

सरपंच अजून रविवारी त्या घरी येतो. खिडक्या उघडतो, गजांवरचं मीठ फडक्याने पुसतो आणि पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसतो. उन्हं कलली की उठून एकेक खिडकी लावून घेतो.