न धुतलेल्या तांदळाची खिचडी

मुलांनो, गेल्या वसंतात तुमचे आजोबा आणि मी आरव्ही घेऊन युटामधल्या दऱ्या बघायला गेलो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, पण पाणी टाकीत असेल तेवढंच. म्हणून कोणी किती पाणी वापरायचं याची यादी मी निघतानाच फ्रिजवर चिकटवली. ती वाचून आजोबांनी मला सलाम ठोकला.

दरीच्या अगदी काठावर आम्हाला नशिबाने जागा मिळाली. तिथे पाणी भरायची सोय नव्हती, आणि गाडी हलवली की जागा दुसऱ्याची. आजोबांना तर लाल कड्यांवर पडणारं सकाळचं पहिलं ऊन बघायचं होतं. आदल्या संध्याकाळीच आमचा नळ कोरडा पडला.

"तुमची आंघोळ!" मी म्हणाले.

"मी ओल्या फडक्याने अंग पुसलंय, बाईसाहेब. तुम्ही तांदूळ किती पाण्यांनी धुता?"

पाच. डाळही पाच. कोथिंबिरीचं तर विचारूच नका. यादीत मी स्वयंपाकाचा रकानाच ठेवला नव्हता.

पिण्याच्या पाण्याच्या चार बाटल्या उरल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी डाळ-तांदूळ न धुता खिचडी टाकली आणि कागदी ताटल्यांत वाढली. आजोबांनी घास घेऊन डोळे मिटले.

"इतक्या वर्षांत आज कुठे तांदळाची चव कळली!"

मी रागाने त्यांना आणखी वाढलं. सकाळी कडे पेटल्यासारखे लाल झाले, तेव्हा आम्ही खुर्च्या टाकून समोरच बसलो होतो. आंघोळीचं नाव दोघांनीही काढलं नाही.