दुधाचा दोरा

माझ्या हातून आमच्या मांजरीचा जीव जायची वेळ आली होती, हे आधीच कबूल करते. पुढं मी जी फुशारकी मारणार आहे, तिला मग कुणी नावं ठेवायला नको.

गावच्या दूध सोसायटीचं संकलन आमच्या ओसरीवर चालायचं. आमचे हे तिथले सचिव आणि मी सचिवाची बिनपगारी राबणारी बायको. गोळा झालेलं दूध टेम्पोनं येडशीला जायचं, आणि रस्ता असा, की कॅनची झाकणं उडून दूध सांडायचं. म्हणून झाकणावर फडकं घालून ते सुती दोऱ्यानं आवळून बांधायची आमच्याकडं रीत होती. रिकामे कॅन परत यायचे तेव्हा दोरे कडीला लोंबत असायचे. दुष्काळाचं वर्ष, काही फेकवत नव्हतं. मी ते सोडवून बाजेवर वाळत घालायची, पुन्हा वापरायला. धुवायची मात्र नाही. प्यायचं पाणी टँकरनं येत होतं, दोरे कोण धुणार?

त्या वर्षी घरातलं घोटभर दूधसुद्धा कॅनमध्ये जायचं, मांजरीला वास तेवढा मिळायचा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सगळ्यांत आधी ती माझ्या मांडीवर येऊन बसली होती. माझा तिच्यावर फार जीव. तरी दुधाचे दोरे तिच्या नाकासमोर टांगताना माझ्या डोक्यात काही आलं नाही.

एका सकाळी ती कोपऱ्यात बसून लाळ गाळत होती, मान लांब करून ओकाऱ्या काढत होती. बाजेवर पाहिलं तर एक दोरा कमी. तोंड उघडून बघितलं, तर दोरा जिभेच्या बुडाला अडकून घशात उतरलेला.

सासूबाईंनी पदर खोचला. "धर तिला घट्ट. एका हिसक्यात वढून काढते."

"न्हाय आत्याबाई, हात लावू नका."

"मग काय मरू द्यायची?"

मी तेव्हा गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. धावदोरा घातला आणि टोक ओढलं की कापडाला चुण्या पडतात, आणखी ओढलं की कापड फाटतं, हे माझ्या रोजच्या हातातलं. मांजरीचं आतडं त्या कापडापेक्षा काय घट्ट असणार? मी तसं सासूबाईंना सांगितलं. सुनेनं त्यांचा हात अडवल्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी खोचलेला पदर सोडला. दोरा मीच ठेवला होता आणि आता ओढूही मीच देत नव्हते. मांजर मेली असती तर दोष दुहेरी माझ्याच माथ्यावर.

भाकरीच्या दुरडीत तिला घातलं, वरून दुसरी दुरडी पालथी घालून जुन्या लुगड्यानं बांधली आणि भर उन्हात जनावरांच्या छावणीवर गेले. तिथं गुरांचे सरकारी डॉक्टर यायचे. दुरडीतून मांजरीचा आवाज आला आणि छावणीतली माणसं हसायला लागली.

"सचिवीणबाईंची म्हैस आली," एकजण म्हणाला.

"आमच्या ओसरीवर तुमच्या पेंडीची पोती उंदरांपासून कोण राखतंय ते आधी सांगा," मी म्हणाले, "मंग हसा."

डॉक्टर एका बैलाला इंजेक्शन देत होते. "बाई, मी गुरांचा डॉक्टर आहे," ते मान वर न करता म्हणाले. मी दोऱ्याचं सांगितलं, कुणाला ओढू दिला नाही तेही सांगितलं. तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"ओढू नये हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. पोलकी शिवते म्या."

ते हसले नाहीत. ओढला असता तर आतडं कापलं गेलं असतं, म्हणाले. मला तिचे पाय धरायला लावून त्यांनी जिभेखालचा फास कात्रीनं कापला. उरलेला दोरा आपोआप बाहेर येईल, नाहीतर येणारही नाही. ओकू लागली, खाईना झाली तर तसंच उठून यायचं. मागून टोक दिसलं तरी ओढायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

घरी आल्या आल्या मी दोरे, सुया, बटणं, गळ्यातल्या पोतीचे सुटे मणी, सगळं झाकणाच्या डब्यात कोंबलं. घरात कुणी धाग्याचा तुकडा भुईवर टाकला की माझं तोंड सुटायचं. हे तर दोन दिवस ओसरीवर चपला काढायलाही भीत होते.

तिसऱ्या सकाळी दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली असताना मांजर राखेच्या ढिगावर जाऊन बसली. दोऱ्याचं टोक दिसलं. रांगेतला एक गडी पुढं झाला, "थांबा, म्या काढतो," म्हणत.

सासूबाई दुधाचं माप हातात घेऊन त्याच्या आडव्या उभ्या राहिल्या. "हात लावलास तर तुझं दूध आज माघारी जाईल."

गडी जागीच थांबला. मांजर आपल्या सवडीनं उठली, राख ओढली आणि चालू लागली. मी काडीनं राख उकरली. चार वीत दोरा, सगळाच्या सगळा. मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि मी दोन्ही केलं, रांगेसमोर.

टेम्पो हॉर्न वाजवत होता. सासूबाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्या रांगेकडं वळून म्हणाल्या, "आमी तर मारलीच व्हती. माझ्या सुनेनं वाचवली."