पुतणीच्या निबंधातले एक वाक्य

माझी पुतणी सायबर सुरक्षा आणि अंतर्गत लेखापरीक्षण या विषयात संशोधन करते. या क्षेत्रातील संशोधनाचा कल कसा बदलत गेला, यावरील तिच्या निबंधात एक वाक्य होते : ‘संगणकाची सुरक्षा हे आपले काम आहे, असे जुन्या लेखापरीक्षकांना कधी वाटलेच नाही.’ मी एका सहकारी बँकेत आयुष्यभर अंतर्गत लेखापरीक्षण केले. ते वाक्य काढले जावे, एवढीच माझी मागणी होती.

बँकेत व्यवहाराची नोंद एकाने करावी आणि मंजुरी दुसऱ्याने द्यावी, असा नियम होता. एका शाखेचे व्यवस्थापक भुईगावचे, घरची केळीची वाडी असलेले. केळीला पाणी सोडायची पाळी आली की, शेजाऱ्याकडे घराची किल्ली ठेवावी तसा आपला पासवर्ड ते रोखपालाकडे ठेवून निघत. मग नोंदही रोखपालाची आणि मंजुरीही त्याचीच. मी दर तपासणीत लेखी आक्षेप घेतला. ‘‘आपल्याच माणसांवर संशय घेता?’’ असे व्यवस्थापकांनी मला ऐकवले. मी शाखेतला एकोपा बिघडवला, असे ते गृहस्थ आजही लग्नकार्यांत सांगत फिरतात. हे धादांत खोटे आहे. एका माणसाला दोन माणसे मानायला मी नकार दिला, इतकेच.

पुतणीला हे सांगितले, तर ती म्हणाली, ‘‘काका, तुमचे अहवाल कुठे छापून आले नाहीत. संदर्भ कशाचा देऊ?’’

‘‘म्हणजे छापले नाही ते घडलेच नाही?’’

‘‘आधी निबंध पूर्ण वाचा तरी. लॅपटॉप टेबलावर आहे.’’

लॅपटॉपने पासवर्ड मागितला. ती स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती. तिथूनच तिने तो अक्षरागणिक मोठ्याने सांगितला. मी हात मागे घेतला.

‘‘आता तो ओटीवर नारळ सोलणाऱ्यालाही पाठ झाला. बदल आधी.’’

‘‘काय हो काका, घरच्या माणसांवरही संशय?’’

‘‘त्या व्यवस्थापकांचेही हेच म्हणणे होते.’’

मग ती हात पुसत आली, पासवर्ड बदलला आणि त्या वाक्याच्या आरंभी ‘काही अपवाद वगळता’ असे शब्द घातले.

‘‘काही? माझ्याखेरीज दुसरा कोण?’’

‘‘काका, आता पुरे हं.’’

दुसरा कोण, हे तिने आजतागायत सांगितलेले नाही. माझा आक्षेप कायम आहे.